काउंटरवरचा लॅपटॉप

लॅपटॉपच्या दुकानात शिरल्याबरोबर काटेसाहेबांनी कोटाच्या खिशातून स्वतःचा वजनकाटा काढला आणि काचेच्या काउंटरवर ठेवला. पस्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी समोर आकडा दिसला की त्याच्याकडे संशयाने बघायची खोड गेली नव्हती. खरं नाव वेगळंच, पण बाजारपेठेने काटेसाहेब म्हणायला सुरुवात केली आणि पुढे घरच्यांनीही तेच उचललं.

"काय करताय, आजोबा?" टाय लावलेल्या विक्रेत्याने हसून विचारलं.

"आजोबा तुमच्या घरी. या पाटीवर काय लिहिलंय?"

"नऊशे नव्वद ग्रॅम. आमच्याकडचा सगळ्यात पातळ लॅपटॉप."

"ठेवा."

विक्रेत्याने लॅपटॉप काट्यावर ठेवला. काटा म्हणाला, एक हजार चौतीस.

"थोडाफार फरक असतो, साहेब." आजोबांचे साहेब झाले होते.

"थोडाफार म्हणजे चव्वेचाळीस ग्रॅम. एखाद्या सोनाराने हा थोडाफार केला असता तर त्याच्या दुकानाला मी कुलूप ठोकलं असतं. आता चार्जर ठेवा."

"चार्जर वजनात धरत नाहीत."

"का? माझ्या मुलीने तो तुमच्याकडे ठेवून जायचा का?"

मुलगी शेजारीच उभी होती. तिने हळूच वडिलांची बाही ओढली. "बाबा, वजनाचं राहू दे. मला बॅटरीचं विचारायचंय."

आता या मुलीचं काम जरा वेगळं. विद्यापीठात एक विद्यार्थिनी होती, तिला अजिबात ऐकू येत नसे. ही तिच्या शेजारी बसायची आणि प्राध्यापक बोलतील ते जसंच्या तसं टाइप करायची. ती अक्षरं विद्यार्थिनीच्या समोरच्या छोट्या पडद्यावर उमटायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, दर तासाला वेगळी खोली. विद्यार्थिनीला पहिल्या बाकावर बसायचं असे आणि विजेचे प्लग मागच्या भिंतीला. मधून वायर ओढली तर कुणीतरी अडखळून पडेल म्हणून त्यालाही बंदी. गेल्या आठवड्यात जुन्या लॅपटॉपने अडीच वाजता मान टाकली. पुढचे अडीच तास ती विद्यार्थिनी कोऱ्या पडद्याकडे बघत बसली, आणि प्राध्यापक नेमकं परीक्षेचंच सांगत होते. विभागप्रमुखांनी मुलीला बोलावून घेतलं. "तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात. हे पुन्हा झालं तर आम्हाला दुसरी व्यवस्था बघावी लागेल." सोमवारपासून पुन्हा वर्ग होते.

"अठरा तास," विक्रेता म्हणाला.

"कशावर अठरा तास?"

"म्हणजे... पडद्याचा उजेड कमी ठेवून, एक व्हिडिओ लावून."

"वा! म्हणजे काट्यावर काही न ठेवता काटा बरोबर." काटेसाहेबांच्या ओठांना मुरड पडली. ती मुरड दिसली की पूर्वी अर्धी बाजारपेठ काटे लपवायची. "आणि किमतीच्या शेवटी हे बारीक अक्षरात काय आहे? 'पासून'. पासून म्हणजे काय?"

"ही दोनशे छप्पन्न जीबी स्टोरेजची किंमत आहे. पाचशे बाराचं स्टोरेज घेतलं तर जरा वाढते. एक टीबी घेतलं तर अजून जरा."

"हा 'जरा' शब्द तुम्हाला पगारात मिळतो का?"

मुलीला रोजच्या तासांचं ध्वनिमुद्रण सहामाही संपेपर्यंत जपून ठेवायचं होतं, म्हणून तिला पाचशे बारा हवं होतं. शिवाय स्टोरेजची चिप बोर्डालाच पक्की जोडलेली; नंतर वाढवू म्हटलं तर वाढत नाही. तेवढ्यात तिच्या मामाचा फोन आला. मामाला जगातलं सगळं कळायचं, निदान त्याला तसं वाटायचं.

"दाजी, डोळे मिटून एक टीबी घ्या. पैशाकडे बघू नका."

"पैसे माझे आहेत म्हणून तुला बघायचे नाहीत. ठेव फोन."

दुकानात एक अर्ध्या किलोने जड, जाडजूड लॅपटॉपही होता, बॅटरी मोठी. पण रोज आठ खोल्या आणि तीन जिने, मुलीचा खांदा आधीच दुखायचा. तिचं मन पातळ लॅपटॉपवर बसलेलं बापाला दिसत होतं. "मी तपासतो," ते म्हणाले. "उद्या."

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुकान उघडायच्या आधी पाच मिनिटं काटेसाहेब घडीची खुर्ची घेऊन दारात हजर. मुलीचा टाइप करायचा प्रोग्रॅम त्यांनी पेन ड्राइव्हवरून काउंटरवरच्या लॅपटॉपमध्ये चढवून घेतला. उजेड पूर्ण, वायफाय चालू, माइक चालू. चार्जरची वायर स्वतःच्या हाताने काढली आणि घड्याळात बघितलं. दहा वाजून चार मिनिटं.

"साहेब," विक्रेता म्हणाला, "हा डिस्प्लेचा पीस आहे. याच्यावर नका तपासू."

अहो, हे वाक्य काटेसाहेबांनी उभ्या हयातीत किती वेळा ऐकलं असेल! धान्यवाल्याच्या काउंटरवरचा काटा धरला की तो म्हणायचा, हा नुसता दाखवायचा आहे, साहेब, वापरायचा आत आहे. कापडवाल्याची मीटरपट्टी आखूड निघाली की तोही तेच म्हणायचा. लबाडाच्या तोंडात दुसरं वाक्य येतच नाही, हे त्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. खात्याचा नियमही तोच: गिऱ्हाईकासमोर जो काटा, तोच काटा.

"बरं," ते इतक्या गोड आवाजात म्हणाले की विक्रेता चार पावलं मागे सरला.

मग ते माइकसमोर वर्तमानपत्र वाचत बसले. अग्रलेख वाचला, बाजारभाव वाचले, हरवले-सापडले वाचलं. येणारी गिऱ्हाइकं थबकत. एका बाईने विचारलं, "हे काय करतायत?" विक्रेता म्हणाला, "आमचं नशीब आहे ते." दुपारी त्याने पुन्हा येऊन सांगितलं, "साहेब, खरंच सांगतो, हा पीस गेलं वर्षभर—"

"तुमचं काम तुम्ही करा."

दोन वाजून चौदा मिनिटांनी पडदा काळा झाला. चार तास दहा मिनिटं! काटेसाहेबांनी टाचणवहीत लाल शाईने 'नापास' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि ते पान विक्रेत्याच्या नाकासमोर धरलं.

"अठरा तास म्हणे! हा टाय कशाला बांधता, गळ्यात लाज अडकू नये म्हणून?"

विक्रेत्याने चार्जरची वायर परत लावली. काटेसाहेब खुर्ची बगलेत मारून ताठ मानेने घरी आले. निवृत्तीनंतर इतका सुंदर दिवस गेला नव्हता.

मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कालच्या तासांतल्या चुका दुरुस्त करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाबा, तपासलात कोणता?"

"काउंटरवरचा."

"तो वर्षभर तिथे चार्जरला लावून ठेवलेला असतो. दिवसरात्र, पूर्ण उजेडात. त्याची बॅटरी कधीच थकलेली असणार. तो माणूस तुम्हाला काही बोलला नाही?"

काटेसाहेब पाणी प्यायला उठले.

"बोलला का, बाबा?"

"बोलला. ते असंच बोलतात."

"किती वेळा?"

"दोनदा." पेला त्यांच्या हातातच राहिला. "तिसऱ्यांदा मी त्याला बोलूच दिलं नाही."

मुलीने लॅपटॉपचं झाकण मिटलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "मला रोज आठ तास लोकांचं लिहावं लागतं, बाबा. एक प्राध्यापक तर इतकं भंपक बोलतात की हसू आवरत नाही. तरी मी प्रत्येक शब्द लिहिते. कारण माझ्या शेजारी जी बसते, तिने काय ऐकायचं आणि काय सोडायचं हे मी ठरवायचं नसतं. तुम्ही त्याचं एक वाक्य ऐकायला हवं होतं."

पस्तीस वर्षांत वरिष्ठांनी शेरे मारले, व्यापाऱ्यांनी शिव्या घातल्या. कशाचंच काही वाटलं नव्हतं. आज मात्र काटेसाहेबांना मान वर करवेना.

रविवारी दुकान संध्याकाळी चार ते सहाच उघडं. बापलेक चारला दारात. विक्रेता त्यांना बघून मोठ्याने म्हणाला, "या, साहेब! आज काय नापास करायचंय? दाराची बिजागरी कुरकुरते, ती बघता का?"

दोन गिऱ्हाइकं हसली. एरवी काटेसाहेबांनी त्याला सोलून काढला असता.

"पातळ लॅपटॉप द्या," ते म्हणाले. "पाचशे बाराचा. खोक्यातला."

"तो काल गेला. दीड वाजता. तुम्ही हरवले-सापडले वाचत होता तेव्हा." विक्रेत्याने हे चवीने सांगितलं, आणि त्याचा तो हक्कच होता. "दोनशे छप्पन्नचा एक आहे. नाहीतर तो जाडा."

काटेसाहेबांनी मुलीकडे बघितलं. पुढे काय ते त्यांना आता ठरवायचं नव्हतं.

"दोनशे छप्पन्न चालेल," ती म्हणाली. "ध्वनिमुद्रण बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवीन. जागा कमी पडली तर पसारा आवरता येतो. जाडा घेतला तर या खांद्याचं मी काय करू?"

"तपासला नाही," काटेसाहेब पुटपुटले.

"वेळ नाही, बाबा. रात्रभर चार्ज करायचा आणि सकाळी न्यायचा."

न तपासलेल्या काट्यावर त्यांनी आयुष्यात कधी छाप मारला नव्हता. त्यांनी पैसे दिले. निघताना विक्रेत्याला म्हणाले, "काल तुम्ही खरं बोलत होता." एवढं बोलायला त्यांना दाढ काढून घेतल्याइतका त्रास झाला.

"मी रोजच खरं बोलतो, साहेब," विक्रेता म्हणाला. "वजन सोडून."

सोमवारी दोन वाजता काटेसाहेब विद्यापीठाच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मुलीला सांगितलं नव्हतं. तिने येऊ दिलं नसतं. दाराला अरुंद काच होती, तिच्यातून पहिला बाक दिसत होता. मुलीची बोटं चालली होती. शेजारची विद्यार्थिनी पडद्यावर डोळे लावून बसली होती. अडीच वाजले. काटेसाहेबांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. दोन पस्तीस झाले, मग पावणेतीन. बोटं थांबली नाहीत.

प्राध्यापक फळ्याला टेकून काहीतरी म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. विनोद काटेसाहेबांना बाहेरही ऐकू आला. असला भिकार विनोद करणाऱ्याला मुळात वर्गात सोडतात कसं, असं त्यांच्या मनात आलंच. तेवढ्यात पहिल्या बाकावरची ती विद्यार्थिनी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. वर्गाचं हसू नुकतं ओसरत होतं, त्यामुळे तिचं एकटीचं हसणं स्वच्छ ऐकू आलं. प्राध्यापकांनी चमकून तिच्याकडे बघितलं, आणि मग तेही पुन्हा हसले.

दोन सेकंद उशीर. काटेसाहेबांनी आपोआप मोजला होता. काचेपासून ते मागे सरले आणि तिथल्या बाकावर पाच वाजेपर्यंत, कुणालाही नावं न ठेवता, बसून राहिले.