राजूर घाटावरचा वारा

वामनरावांनी डाव्या हाताने संगणकाला जोडलेली काठी बाहेरच्या बाजूला कलती केली आणि पडद्यावरचा ग्लायडर डोंगराकडे पाठ करून सावकाश वळला.

हिमानी अजून दारातच होती. खांद्यावरची पर्स न उतरवता तिने आधी आवाज ऐकला. हवा वर उचलत असली की ग्लायडरमधलं हवेची चढउतार सांगणारं यंत्र टुकटुक करायचं, खाली ढकलत असली की एकसुरी रडायचं. टुकटुक चालू होती. तिने चपला काढल्या.

"सायेब दुपारपासून इमानातच हायेत," पोळ्यांचा डबा झाकत, दिवसभर वामनरावांना सांभाळणारी गीताबाई म्हणाली. "चाहा बी वरतीच पेले."

"एक दिवस तुमाले बी बसवतो बाजूले," वामनराव मान न वळवता म्हणाले.

"नको बाप्पा. मले यष्टीतच मळमळते."

निघताना दाराशी तिने आवाज खाली आणला. "बाई, पुण्याचं सोमवारी कळवा लागते ना तुमाले? मी रात्रीची बी राहीन, सांगतलं ना तुमाले. पण बापाले तुमीच इचारा."

हिमानीने नुसती मान हलवली. घर लहान होतं. कोणताही आवाज कुठेही पोचायचा.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेने तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. कनिष्ठ महाविद्यालयात वर्षानुवर्षं तेच धडे शिकवता शिकवता तिने अर्ज केला होता, निवड होणार नाही हे गृहीत धरून. आता होकार द्यायचा होता, आणि रोज संध्याकाळी ती ठरवलेलं वाक्य घेऊन घरी येत होती. ते वाक्य या खोलीपर्यंत टिकत नव्हतं. बाबांच्या खुर्चीमागे उभं राहिलं की ते विरून जायचं आणि ती भाजी चिरायला बसायची.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वामनरावांचा उजवा हात मांडीवर कुणी ठेवून विसरलेल्या वस्तूसारखा पडून असे. कोर्टात आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. निदान डाव्या हाताला वळण लागावं म्हणून तिने संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर बसवून दिला. बिनइंजिनाचं विमान त्यांनीच निवडलं, आणि जागाही. बुलढाण्याचं पठार जिथे संपतं तो राजूर घाट पडद्यावर पाहून ते कित्येक दिवसांनी हसले होते. कड्यावर आदळलेला वारा वर चढतो. त्या चढत्या हवेच्या चिंचोळ्या पट्ट्यात राहिलं की ग्लायडर तरंगतो. एका टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. वळण मात्र नेहमी डोंगरापासून बाहेर घ्यायचं, नाहीतर कडा अंगावर येतो.

सुरुवातीला वारा पडला की ते खाली येत, शेतात आपटत, आणि मग जेवत नसत. एकदा त्यांनी काठी भिंतीवर फेकली आणि डाव्या हाताने तोंड झाकून रडले. दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेले असताना हिमानीने वाऱ्याचे आकडे स्वतःच भरले. वायव्येचा, जोरदार, न थांबणारा. त्यांना सांगितलं, आता इंटरनेटवरून आजचा वारा येतो, अगदी खरा. तेव्हापासून ग्लायडर पडला नव्हता. ती वर्गात प्रकाशाचं अपवर्तन शिकवत असताना बाबा घाटासमोर येरझारा घालत असत आणि ते वर आहेत एवढं तिला ठाऊक असे.

"खिडकी उघड," वामनराव म्हणाले.

तिने उघडली. चैत्रातली संध्याकाळ, उन्हाने तापलेल्या भिंतींचा वास आत आला.

"मारोतीचा झेंडा दिसून राह्यला का?"

"दिसतो."

"काय करून राह्यला?"

झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. बाजूच्या कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. मागे यंत्र टुकटुकत होतं.

"लय दिवसाचा पाहून राह्यलो मी," ते म्हणाले. "दिवस मावळाले आला का झेंडा पडते. इथं वारा काऊन नाई पडत?"

उत्तर तयार होतं. आकडे लांबच्या हवामान केंद्रावरचे असतात, प्रोग्राम सरासरी काढतो, कड्यावरची हवा गावातल्या हवेपेक्षा वेगळी. त्यातलं निम्मं खरंही होतं. हिमानीने खिडकीचा गज धरला.

"तो वारा मी ठरवलेला आहे, बाबा."

"कव्हापासून?"

"तुम्ही काठी फेकली होती तेव्हापासून."

घाटाचं टोक आलं. त्यांनी वळण घेतलं, नेहमीसारखं बाहेरून, नीटस.

"म्हंजे मी उडवून नाई राह्यलो. तू धरून राह्यली मले."

"तुम्ही जेवत नव्हता."

"हाव. नव्हतो जेवत." त्यांनी काठी सरळ केली. "आता खरा दे."

"आता वारा नाहीच आहे बाबा."

"तोच दे."

तिने खुर्चीशेजारी वाकून आकडे पुसले. टुकटुक विरळ झाली, अडखळली, आणि तो एकसुरी रडका आवाज सुरू झाला. कड्यावरची झाडं ग्लायडरच्या खिडकीत वर वर सरकू लागली. वामनरावांनी आणखी एक फेरी मारून पाहिली. झाडं जवळ आली. हिमानीचा हात माऊसवरच होता. एक बोट दाबलं असतं तर वारा परत आला असता.

त्यांनी डोंगरापासून वळण घेतलं, आणि या वेळी परत वळले नाहीत. नाक सरळ मोताळ्याकडच्या सपाटीवर धरलं.

"बाबा, तिकडे काहीच उचलणार नाही."

"माहीत हाये मले. बोलू नको."

खालची शेतं मोठी होत गेली. एकात विहीर होती, ती त्यांनी टाळली. पुढचं पिवळं, मोकळं होतं.

"गहू निघाला असन इथला," ते स्वतःशीच पुटपुटले.

जमीन एकदम वेगाने धावू लागली. चाक टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं. ग्लायडर घसरत गेला, हळू झाला आणि एक पंख मातीला टेकवून थांबला. रडका आवाजही बंद पडला. आपण खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली आहे हे हिमानीला तेव्हा कळलं.

"मोडलं का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

ती पुढे वाकली. "पुन्हा घाटावर नेऊन ठेवू?"

मांडीवरचा उजवा हात हलला. फार सावकाश तो टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि तिच्या मनगटावर पडला. त्यात जोर नव्हता, नुसतं वजन होतं.

"राहू दे. आज इथंच मुक्काम."

बाहेर मारुतीच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवली. वामनराव पडद्यावरच्या रिकाम्या शेताकडे पाहत होते.

"गीताबाई रात्रीची राहीन तं तिले मांगच्या खोलीत झोपाले सांगजो," ते म्हणाले. "लय घोरते म्हणतात ते."

हिमानीने मनगट हलवलं नाही.