कमरेपर्यंत पास

मधोमध झिजलेली साबणाची वडी.

'आयटिस' म्हणजे सूज. कुठल्याही अवयवाच्या मागे लावा, तो सुजतो.

फिनाइलचा वास केसांत बसला की धुऊनही जात नाही.

मूत्रपिंडं दोन असतात. गुडघेही दोनच, पण ते अभ्यासक्रमात शेवटी.

शिवणीवरून फाडलेलं एक पुस्तक. वरचा भाग एका पिशवीत, खालचा दुसरीत.

"माझं पोस्टमॉर्टेम चाललंय का गं?"

हे शेवटचं वाक्य सासऱ्यांचं. झटका येऊन गेल्यापासून ते खाटेवर आहेत. अंग गेलं, जीभ राहिली. घरात दोन सुना. थोरली हॉस्पिटलात फरशी पुसते, धाकटी औषधांच्या कारखान्यात खोकी भरते. दोघींनी थोरलीच्याच हॉस्पिटलातल्या नर्सच्या मदतनिसाच्या वर्गात नाव घातलं ते एकाच कारणाने: पास झालं की तिथेच लगेच घेतात आणि आहे ते काम सुटतं. थोरलीचे गुडघे आता वाकताना आवाज करतात. तिला बादली सोडायची होती. बाकी काही नको होतं.

पुस्तक एकच घेतलं. फाडायची कल्पना थोरलीची.

"कमरेच्या वर तुझं, खाली माझं. तसंही वाटून घेतलंयच."

वाटून घेतलंच होतं. सकाळी धाकटी सासऱ्यांचं तोंड धुवायची, दाढी करायची, छाती-पाठ पुसायची आणि कामाला जायची. दुपारी थोरली हॉस्पिटलातून यायची. मग लघवीचं भांडं, चादर, मांड्या, टाचांना तेल. हे कोणी ठरवलं नव्हतं. थोरलीला कोणी विचारलं नव्हतं, आणि तीही बोलली नव्हती.

आता पुसता पुसता पाठांतर. सकाळी छातीवर ओला टॉवेल आणि धाकटीचा आवाज: ब्रॅडी म्हणजे मंद, टॅकी म्हणजे जलद. दुपारी भांडं उचलताना थोरलीचा: नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, डिस म्हणजे त्रास, डिस्युरिया म्हणजे लघवीला त्रास.

"मलाच बसवा परीक्षेला," सासरे म्हणायचे. "दोन्ही पाळ्यांचं मी ऐकतो."

"कूस वळा आधी," थोरली म्हणायची.

परीक्षेआधी दोघी भाग बदलून घेणार होत्या.

*

परीक्षा तोंडी होती. टेबलावर प्लॅस्टिकचं धड, पोटाचं झाकण उघडं, आतले अवयव काढता-घालता येणारे. स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या. बाहेरून आलेल्या बाई परीक्षक. त्यांच्या चहावर साय धरली होती.

थोरलीने चिठ्ठी उचलली. श्वसनसंस्था.

तिने ती पुन्हा वाचली. कागद उलटून मागेही पाहिलं.

"डिस्प्निया म्हणजे काय?"

"डिस म्हणजे त्रास."

"बरोबर. कशाचा?"

थोरलीने धडाकडे पाहिलं. धडाला डोकं नव्हतं.

"वरचा काहीतरी, मॅडम."

"वरचा म्हणजे?"

"कमरेच्या वरचा."

परीक्षक हसल्या. दुष्टपणाने नाही, दमलेलं माणूस हसतं तसं. "अहो, शरीराला मजले नसतात. बरं, फुप्फुसं काढून दाखवा."

थोरलीच्या हाताला आधी यकृत लागलं. "हे यकृत. ह्याच्या मागे उजवं मूत्रपिंड, ते जरा खाली असतं. इथून मूत्रवाहिनी—"

"ते विचारलं नाही मी."

"हो. पण ते येतं मला."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "पुढच्या बॅचला बसा. सहा महिने काय, चुटकीसरशी जातात."

धाप लागलेली माणसं थोरली रोज पाहायची. ती उशाला टेकून, तोंड उघडं ठेवून बसलेली असायची, आणि थोरली त्यांच्या खाटांखालून मॉप फिरवायची. "जरा पाय वर घ्या," एवढंच त्यांच्याशी बोलायची.

धाकटीला रक्ताभिसरण आलं. ती बाहेर आली ती पळतच. बाकावरची थोरली दिसली तशी चालायला लागली.

*

रस्त्यात धाकटी म्हणाली, "ताई, मला खालचं आलं असतं तर मीही उडाले असते. नुसतं नशीब."

"हं."

"आपण गुरुवारी बदलणार होतो ना? तुमची सुट्टी होती. मग काय झालं?"

"राहून गेलं."

"म्हणजे कसं राहून गेलं?"

"अगं, राहून गेलं म्हणजे राहून गेलं. पिशवी नीट धर, फाटेल."

*

"काय लागला निकाल?" सासऱ्यांनी विचारलं.

"एक पास," थोरली म्हणाली.

"कुठली?"

"वरची."

"म्हणजे मी कमरेपर्यंत पास." कोणी हसलं नाही. "तुला काय विचारलं?"

"डिस्प्निया."

"धाप! श्वास घ्यायला त्रास. ही रोज माझ्या छातीवर घोकायची की."

"मग मला सांगायचं नाही का, बाबा?"

"मला वाटलं, तुला येत असेल. तू थोरली."

थोरली स्टुलावर बसली. उद्या सकाळी वॉर्डात धाकटीला मदतनिसाचा निळा कोट मिळणार होता, आणि त्याच वॉर्डाच्या दाराआड थोरलीची बादली होती.

धाकटीने घमेल्यात कोमट पाणी आणलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसली.

"तिकडे कुठे?" थोरली म्हणाली.

"आज खालचं मी करते. तुम्ही वर या."

"तुला जमायचं नाही. वास येतो."

"मग शिकवा. मलाही येत नाही ना ते."

"दोघी मिळून मला सोलू नका म्हणजे झालं," सासरे म्हणाले.

थोरलीने टॉवेल पिळला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. छाती वर गेली, खाली आली.

"श्वास घ्या, बाबा."

"घेतोच आहे. जन्मापासून."

"अजून एकदा घ्या. मोठा."

धाकटीने पुस्तकाचा वरचा भाग उशीला टेकून उघडा ठेवला. श्वासनलिका, मग तिच्या दोन फांद्या. थोरली वाचत होती आणि पुसत होती. ओळ संपली की टॉवेल पाण्यात.

"टाचांमागे बघ," ती न वळता म्हणाली. "तिथे कातडी लाल झाली असेल तर चोळायचं नाही. पायाखाली उशी द्यायची."

"हो ताई."

परीक्षेआधीच्या त्या गुरुवारी दुपारी धाकटी दोन पाळ्या करून आली होती. पुस्तकाचा वरचा भाग छातीवर उपडा ठेवून ती झोपून गेली होती. थोरलीने तिला उठवलं नाही. आवाज न करता दार लोटून घेतलं.