नोंदीत माझं नाव

शाळेच्या बसचं आमचं ॲप शुक्रवार संध्याकाळपासून उघडलं की लगेच बंद पडत होतं. सोमवारी शाळा सुरू होणार आणि चारशे घरांतली मंडळी बस कुठवर आली ते त्यातच बघणार. रविवारी सकाळपासून मी ऑफिसात, म्हणजे दादाच्या हॉलमधल्या दोन टेबलांपैकी माझ्या टेबलाशी, एक्केचाळीस एररशी झटत बसले होते.

दादा माझा सख्खा भाऊ आणि धंद्यातला भागीदार. "लायब्ररीवाल्यांनी घोळ घातला असणार," असं म्हणून तो खुशाल टेकून बसला. नकाशा दाखवणारा कोड आम्ही लिहिलेला नाही; तो तयार मिळतो, त्यालाच लायब्ररी म्हणायचं. तिचं नवं व्हर्जन घेतलं की आतली नावं बदलतात आणि आपलं चांगलं चालतं ॲप आडवं होतं. म्हणून आमचा नियम होता, व्हर्जनचा आकडा दोघांनी बोलल्याशिवाय बदलायचा नाही. लायब्ररीवाले काही आमच्या घरात शिरून आकडा बदलून जात नाहीत.

जुना आकडा कोणता होता ते बघायला मी बदलांची नोंद उघडली. शुक्रवार, दुपारी सव्वाचार. बदल करणाऱ्याचं नाव माझं.

आमचं लॉगिन एकच, माझ्या नावाचं. दोन कशाला, आपण काय परके आहोत, असं मीच म्हणाले होते. हुशारी बघा माझी.

"दादा, शुक्रवारी सव्वाचारला मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला होते. तूच सोडलंस आम्हाला."

तो पंख्याकडे बघत म्हणाला, "नवं व्हर्जन लावून बघत होतो. वाटलं, नकाशा लवकर उघडेल. ते चुकून सगळ्यांना गेलं."

"आणि शाळेला काय सांगितलंस?"

"मुख्याध्यापिका आधीच माझ्यावर खार खाऊन आहेत. म्हणून तुझं नाव सांगितलं. म्हटलं, तू लहान, तुला सांभाळून घेतील."

"घेतलं?"

"त्या म्हणाल्या, यापुढे ॲपला तिचा हात लागता कामा नये. नाहीतर काम दुसऱ्याला देऊ."

त्या ॲपमधला एकेक थांबा मी पायी फिरून टाकला होता. चार वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. परक्याने हे केलं असतं तर कडाकडा भांडले असते. केसाने गळा कापायला घरचाच माणूस लागतो. मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून कामाला लागले. आकडा जुना केला. नव्या व्हर्जनसाठी त्याने आठ ठिकाणी केलेली अर्धवट ढवळाढवळ निस्तरली. एक्केचाळीसचे नऊ झाले, मग दोन, मग एकही नाही. ॲप माझ्या फोनवर उघडलं आणि उघडंच राहिलं.

"पाठव लगेच," दादा म्हणाला.

"पाठवते. पोरांनी रस्त्यावर ताटकळायला नको. पण मग तू मुख्याध्यापिकांना फोन करून खरं काय ते सांगायचं. माझ्यासमोर."

"सांगतो गं. तुझी शपथ."

मी पाठवलं. तासाभराने ते सगळ्यांच्या फोनवर पोचलं तेव्हा त्याने स्पीकर लावून फोन केला.

"मॅडम, ॲप सुरू झालंय. बघता का?"

"हो, उघडलं. कोणी दुरुस्त केलं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "मीच. सकाळपासून बसलो होतो."

मी खाकरले.

"कोण आहे तिथे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, मॅडम," दादा म्हणाला. "एकटाच आहे."