पोर्ट्समथ पाहिलेला माणूस

कौतिकने चहाची बशी चटईवर उपडी घातली आणि पुतणीला सांगितलं, हे बेट समज; पोर्ट्समथ शहर जवळजवळ सगळं या बेटावरच आहे. बशीच्या कडेला त्याने बोट टेकवलं. इथे बंदराचं तोंड, इतकं अरुंद की समोरच्या धक्क्यावरची माणसं ओळखू यावीत. पलीकडे गोस्पोर्ट, म्हणजे आपलं तापीपलीकडचं जैनाबादच. तिकडची माणसं सकाळी बोटीने कामाला येतात, संध्याकाळी परत जातात.

शनवारा मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत पल्लवीने हे लहानपणापासून कितीदा तरी ऐकलं होतं. आज मात्र ते तिच्या कामाचं होतं. नर्सिंग करून चार वर्षं इंदूरला नोकरी केल्यावर पोर्ट्समथच्याच एका इस्पितळात तिची निवड झाली होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

कौतिक नौदलात स्वयंपाकी होता. पंधरा वर्षं जहाजावर पोळ्या लाटून तो गावी परतला आणि आता इतवाऱ्यातल्या एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचा. पेन्शन काढायला आलेले म्हातारेसुद्धा त्याला विलायतेचं विचारायचे आणि तो हौसेने सांगायचा. नौदलाच्या गोदीत अडीचशे वर्षांचं लाकडी लढाऊ जहाज अजून जपलंय. दुसरं एक चारशे सदतीस वर्षं समुद्राच्या तळाशी होतं. ते वर काढून काचेआड ठेवलं होतं, आणि लाकूड तडकू नये म्हणून त्यावर मेणाचा फवारा चालू असे. शिडाच्या आकाराचा पांढरा मनोरा तेव्हा नुकताच उभा राहिला होता, पण अजून कुणाला वर सोडत नव्हते.

भिंतीला टेकून शंकर ऐकत होता. तो कौतिकचा धाकटा भाऊ, पल्लवीचा बाप. साडीच्या दुकानातली त्याची नोकरी मूत्रपिंडांनी सोडवली होती; आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पोरीला त्याने तीनदा जा म्हटलं होतं. ती हो म्हणत नव्हती.

“मोठे पप्पा, तुमची तर मजबुरी होती,” पल्लवी म्हणाली. “आबा गेले तेव्हा तुम्हाला सुट्टीच नाही दिली त्यांनी. मी तर आपल्या मर्जीने चालले. मागे पप्पांना काही झालं, तर मी कोणाचं नाव घेऊ?”

आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, तेराव्यानंतर घरी पोचल्यावर सुट्टी नाकारल्याचं कौतिकनेच सांगितलं होतं. त्याला पुन्हा कुणी विचारलं नव्हतं. आताही नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण पोर त्याच्या खोट्याशी स्वतःला ताडून पाहत होती.

“सुट्टी मिळाली होती,” तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. आबांना लकवा मारल्याचा शंकरचा फोन आला, तेव्हा पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली होती. चार दिवसांनी जहाज इंग्लंडला निघणार होतं. तिथे कितीतरी देशांच्या लढाऊ जहाजांचा मेळावा होता, आणि कौतिक तोवर कोचीच्या पुढे गेलेला नव्हता. तो स्वतःच साहेबांकडे गेला, वडील सुधारताहेत म्हणाला आणि रजा रद्द करून घेतली. पोर्ट्समथला एका दुपारी तो बंदराच्या तोंडावरच्या जुन्या गोल बुरुजावर गेला. जहाजं निघतात तेव्हा घरची माणसं तिथे उभी राहून हात हलवतात. आपण त्या दुपारी फार खुशीत होतो, हेही त्याने लपवलं नाही. संध्याकाळी जहाजावर परतला, तर निरोप येऊन पडला होता. आदल्या दिवशीच तापीकाठी शंकरने अग्नी दिला होता.

शंकरची बायको जयश्री स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती. कौतिकला भावाकडे बघवेना.

“आबा रोज विचारे, कौतिक निघाला का,” शंकर बोलला. “मी सांगे, निघाला, भुसावळपर्यंत आला. शेवटच्या दिवशीबी तेच सांगितलं.”

बँकेच्या दारात उभ्या उभ्या कौतिकने या घडीसाठी कितीतरी वाक्यं जुळवली होती. ती सगळी सोडून त्याने चटईवरची बशी उचलून सुलटी ठेवली.

शंकरने डायलिसिसची पट्टी बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. पल्लवीकडे वळून म्हणाला, “सोमवारी हो कळवून टाक. तुला मी पाठवतोय, बेटा. तू काही लपवून नाही चाललीस.”

पल्लवीने डोळे पुसले आणि मान हलवली.

“भाऊ,” शंकरने विचारलं, “तिकडे थंडी किती पडते? हिला काय काय न्यावं लागेल?”



“मी उन्हाळ्यात होतो रे तिथे,” कौतिक म्हणाला. “पाचच दिवस.”