मौनीची गादी

“घरमा सगळास्मा बडबड्या हाऊच, आन गादी बी यालेच!” धनुबाई पुटपुटल्या.

उद्याच्या भंडाऱ्याचे तांदूळ निवडायला सासू-सुना गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, त्यामुळे काजलला ते नीट ऐकू आलं. तिने न ऐकल्यासारखं दाखवलं. घरात सध्या सगळ्यांचं तेच चाललं होतं.

उद्या तिचा नवरा नवनीत मौनीबाबा होणार होता. तापीकाठच्या त्या मठाचा नियमच तसा, गादीवर बसलेल्याने मरेपर्यंत बोलायचं नाही. पहिले मौनीबाबा म्हणजे धनुबाईंचे सख्खे काका. त्यांच्यामागे धनुबाईंचा भाऊ बसला, तो गेल्या महिन्यात वारला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून आता भाचा. संसार सोडायचा नव्हता, केळीचा मळाही सोडायचा नव्हता. फक्त आवाज सोडायचा होता. हे ‘फक्त’ ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

आणि नवनीतचा आवाज म्हणजे! केळीच्या घडाशी गप्पा मारणारा माणूस. विहिरीवरची मोटार बंद पडली की तिला लाडीगोडी लावायचा. रात्री काजलला दिवसभराचं सांगता सांगता अर्ध्या वाक्यात झोपी जायचा आणि उरलेलं वाक्य सकाळी दात घासताना पुरं करायचा. हल्ली तर तो जास्तच बोलत होता, लग्नातलं जेवण उरू नये म्हणून कुणी आग्रहाने वाढत सुटावं तसा.

संध्याकाळी मठाचे कारभारी अमृतभाई उद्याचं भाषण ऐकवायला आले. सोबत शेजारचे पितांबरआप्पा होते. पहिल्या बाबांना डोळ्यांनी पाहिलेली गावात आता धनुबाई आणि हे आप्पा, एवढीच माणसं उरली होती.

“मौनी म्हणजे कोण?” अमृतभाईंनी घसा साफ केला. “ज्याने आपली वाणी देवाला वाहिली तो! बाबा तरुणपणी तापीमाईच्या पात्रात उभे राहिले आणि म्हणाले, माय, हे बोलणं तुझ्या पोटात घे. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून शब्द नाही!”

“झकास,” नवनीत म्हणाला. त्याचं तोंड मात्र उतरलं होतं.

काजलने चहा पुढे केला. “अमृतभाई, एक विचारू? मठात आपण बाबांना हाक मारत नाही. उंबऱ्यात उभं राहून पाय आपटतो, मग ते वळून बघतात. असं का?”

“शब्दाने मौन विटाळतं, वहिनी.”

“मग टाळी वाजवली असती. घंटा टांगली असती. अख्ख्या मठात एक घंटा नाही. मौन घेतलं तरी कान उघडे असतातच की. मामांना तर माझी चाहूल लागायची, पाय आपटायच्या आधीच हसायचे ते.”

अमृतभाईंनी कपात बघितलं. “आलं मस्त पडलंय हं.”

पितांबरआप्पा कोपऱ्यात स्वतःची चप्पल शोधू लागले. ती त्यांच्या पायातच होती.

“ऱ्हाऊ दे, काजल,” नवनीत म्हणाला. “मामानी निभावं, मी बी निभावसू.”

“तुम्ही निभावशात हो. मन्हं काय?”

धनुबाईंचा हात सुपात थांबला होता. बाबांची पुतणी म्हणून आजही बाजारात बाया वाकून त्यांच्या पाया पडत. माहेराचा तेवढाच तर मान होता. आणि त्याच मानापायी राखीला भाऊ नुसता हात पुढे करायचा, तोंड मिटलेलं. त्या राखी बांधायच्या आणि त्याचं ‘बाई’ म्हणून हाक मारणं आठवत घरी यायच्या. तेव्हाही त्या गप्पच बसल्या होत्या.

“अमृत,” त्या म्हणाल्या, “ते तापीमायनं काही सांगू नको.”

“बाई, आता कशाला—”

“थांब. आयकी ले.” त्यांनी सूप बाजूला सारलं आणि लेकाकडे बघितलं. “पाय आपटा का जमीन हाले, तवय त्याले समजे, दारमा कोनी उनं शे. मन्हा काका जन्मना बहिरा व्हता, नवनीत. त्यानी काही सोडं नही, काही वाह्यलं नही. मुका व्हता तो.”