चित्राखालची ओळ

मित्रांनो, एका फोटोत कुणाचा किती फायदा होता, ते आधी सांगतो. संपादकांचं रिकामं पान भरणार होतं. फोटोवाल्याला फुकटात कोल्हापूर बघायला मिळणार होतं. एका शिक्षकाच्या घरातल्या श्यामलावहिनींचं घरामागचं परडं मासिकात झळकणार होतं. आणि त्या परड्यात चटणी कांडणाऱ्या धोंडुबाईला वाटत होतं, आपलं नाव होईल, आणखी चार घरांचं कांडप मिळेल.

मी एक जुना अंक आहे. मे १९६२चा. माझं मासिक कधीच बंद पडलं, त्यामुळे त्याच्या वतीने लाज वाटून घ्यायला आता मी एकटाच उरलो आहे.

शिवाजी पेठेत धोंडुबाई बारा घरांची चटणी कांडायची. उन्हं तापली की मिरच्या वाळत पडायच्या आणि तिच्या मुसळाचा आवाज एका परड्यातून दुसऱ्या परड्यात सरकत जायचा. कुणाला खोबरं जास्त लागतं, कुणाच्या सासऱ्यांना लसूण चालत नाही, कुणाला तीळ भाजूनच हवेत, हे सगळं तिच्या डोक्यात. कागद नाही, पेन्सिल नाही. अक्षरओळखच नव्हती.

फोटोवाला आला त्या दिवशी मिरचीच्या खकाण्याने शिंकून शिंकून बेजार झाला.

"पावणं, नाकाला पदर लावा की," धोंडुबाई म्हणाली. "पदर न्हाय व्हय? मग शिंका निवांत. मी हलत न्हाय."

आणि खरंच, मुसळ वर धरून ती हलली नाही. पापणीसुद्धा नाही.

पुढे मी टपालाने वहिनींच्या घरी आलो. पान बेचाळीस. डावीकडे धोंडुबाई, उजवीकडे विजेवर चालणारं कांडपाचं यंत्र. लेखकाने यंत्राचं मनापासून कौतुक केलं होतं. वेळ वाचेल, कष्ट वाचतील, बाईमाणसाला फुरसत मिळेल. यात फारसं खोटं नव्हतं. माझं तोंड काळं झालं ते डाव्या चित्राखालच्या ओळीने. तिथे छापलं होतं: "कालचे स्वयंपाकघर: घाम, धूळ आणि अडाणीपणा." नाव कुठेच नव्हतं.

"वैनी, काय लिवलंय माझ्याखाली?"

श्यामलावहिनींनी ओळ मनातल्या मनात वाचली. फोटोवाल्याला त्यांनीच बोलावलं होतं. मग त्या म्हणाल्या, "लिहिलंय, कोल्हापूरच्या धोंडुबाई. हाताला चव आणि डोक्यात माप."

माझ्या चौसष्ट पानांत इतकं चांगलं वाक्य एकही नव्हतं. मला लपावंसं वाटलं.

धोंडुबाईने मला मागून घेतलं आणि घरोघर नेलं. ओळीवर बोट ठेवून ती ते वाक्य घडाघडा म्हणायची. वाचता येणारी माणसं आधी ओळीकडे बघायची, मग तिच्याकडे, आणि म्हणायची, "अगदी बरोबर." फुटबॉलच्या सामन्यावरून महिनाभर भांडणारी पेठ या एका बाबतीत मात्र एकमताने खोटं बोलली. मग मी तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत राहायला गेलो.

तीन वर्षांत कोपऱ्यावर गुंडू मिस्त्रीचा डंक, म्हणजे तेच विजेचं कांडपयंत्र, आला. पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळं एकदम ओतलं. लसूण तापून वास मारायला लागला, चटणी कडवट झाली. तेव्हा बाराच्या बारा घरं त्या 'अडाणी' बाईच्या दारात आली. ती डंकाशेजारी जाऊन उभी राहिली. "आधी मिरची न् धणं. लसूण शेवटाला. मशीनला काय कळतंय तुमचा सासरा काय खातोय ते?"

बायकांनी मापं कागदावर उतरवून घेतली. पुढच्या वर्षी तिला कुणी बोलावलं नाही. ती धुणीभांडी करू लागली. कुणी हळहळलं तर म्हणायची, "बरं झालं की. खांदं सुटलं माझं."

लेखात म्हटलेली फुरसत श्यामलावहिनींना मात्र खरोखर मिळाली. १९७९च्या सुरुवातीला पेठेत बायकांसाठी दुपारचा साक्षरता वर्ग निघाला आणि त्या शिकवायला लागल्या. पहिल्याच दिवशी पहिल्या रांगेत धोंडुबाई. तिच्या मांडीवर मी.

"मला बाकी काय नको, वैनी. माझ्या फोटोखालचं माझ्या डोळ्यांनी वाचायचं हाय."

वहिनींचा चेहरा मी बघितला. "आधी बाराखडी," त्या म्हणाल्या. बाराखडी झाली. "आधी जोडाक्षरं." तीही झाली. "आता आकडे घेऊ."

"मास्तरीणबाई," शेजारची बयाबाई ओरडली, "तिला सरणावर न्हेऊन वाचाय देणार व्हय?"

सगळा वर्ग हसला. वहिनी हसल्या नाहीत.

चैत्रातल्या एका दुपारी धोंडुबाईने कुणाला न विचारता पान बेचाळीस उघडलं. आधी तिने स्वतःचं नाव शोधलं. तेच तर ती पहिलं लिहायला शिकली होती. बोट ओळीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलं आणि परत आलं.

"माझं नाव कुठं हाय?"

मग ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. शेवटच्या शब्दापाशी बोट थांबलं ते थांबलंच.

"घाम, व्हय," ती म्हणाली. "धूळ बी व्हय, मिरचीची. पर अडाणी?"

"धोंडुबाई, मी तेव्हा..."

"ऱ्हाऊ द्या, वैनी. तुमी वाचलासा ते छापल्यापरास लई बरं व्हतं." तिने मला टेबलावर ठेवलं. "ह्ये तुमच्याकडंच ठेवा. मी जाती. डंकावर माझी मिरची टाकलीया."

तेव्हापासून मी वहिनींच्या कपाटात आहे. मित्रांनो, यंत्राला मी नावं ठेवत नाही. त्याने मिरची कांडली, तिचेही खांदे वाचवले. पण त्याचं कौतुक करायला कुणाला तरी अडाणी ठरवायची काय गरज होती? जुनं मासिक हाती आलं, तर त्याची पिवळी पानं जपून उलटा आणि चित्रातल्या माणसाचं नाव खाली आहे का, तेवढं बघा.

संपादकांचं पान भरलं. फोटोवाला कोल्हापूर बघून गेला. वहिनींना दुपार मोकळी मिळाली, बारा घरांना मापं मिळाली. सतरा वर्षं लुगड्याच्या घडीत जपलेलं एक वाक्य गेलं, ते एकट्या धोंडुबाईचं.