धुक्यातला उखाणा

मी एक जुनी छत्री आहे, आणि सातपुड्याच्या कड्यावर मी एका माणसाचा जीव पेलला आहे. तेव्हा मी मिटलेली होते आणि भीतीने माझ्या आठही काड्या थरथरत होत्या. मित्रांनो, हे तुम्हाला नंतर कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

माझा जन्म नागपूरला, सीताबर्डीच्या एका दुकानामागच्या खोलीत झाला. काळं कापड आणि वेताची वाकडी मूठ. ती दांड्यावर नुसत्या लाखेने बसवलेली. बसवणारा म्हणाला होता, "पावसापुरती पुरते." हे वाक्य मी कधी विसरले नाही.

मला मधुकररावांनी घेतलं. ते सरकारी कचेरीत कारकून होते. चार पावसाळे मी त्यांना कोरडं पोचवलं. एकदा साहेबही म्हणाले, "छत्री मजबूत दिसते." या कौतुकानेच माझा घात केला. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात मधुकररावांची बायको वच्छला आणि तिचे कुहीचे भाऊ रुपराव त्यांना पचमढीला, नागद्वारच्या यात्रेला घेऊन निघाले, तेव्हा काठी म्हणून मला घेतलं.

पायवाट लागताच रुपरावांनी नियम सांगितला. "इथं कोनी कोनाचं नाव घ्याचं नाही. समदे भगत. भाऊजी, तुमीबी भगत."

"अन् वच्छला?"

"तेबी भगत. तिले तं सोपंच हाय. तिनं तुमचं नाव जन्मात घेतलं नाही."

दुपारी धुकं उतरलं. पुढच्याची पाठ दिसेना. मधुकरराव बुटाची नाडी बांधायला जरा कडेला सरकले. तिथे कड नव्हती. ओल्या गवतावरून ते खाली गेले, त्यांच्याबरोबर मी गेले, आणि माझी मूठ एका झाडाच्या मुळात अडकली. त्यांची पावलं टीचभर दगडावर, दोन्ही हात माझ्या दांड्याला, आणि वर ती लाख. खाली किती खोल आहे ते धुक्यामुळे दिसत नव्हतं. न दिसल्याने ते अधिकच खोल झालं होतं.

मधुकररावांनी हाक मारली, "भगत."

वरून आनंदाने उत्तर आलं, "भगत, भगत," आणि पावलं पुढे गेली. त्या वाटेवर हाच रामराम होता.

"ओ भगत," ते रडवेले झाले.

"थकू नका भगत, आलंच आता," कोणीतरी धीर दिला आणि तोही गेला.

मग ते "वाचवा" म्हणाले. पण आयुष्यभर हळू बोलायची सवय, आणि वर "हर बोला, हर हर महादेव"चा गजर. मुठीपाशी बारीकशी करकर झाली. ती फक्त मला ऐकू आली.

इतक्यात वच्छलेचा आवाज आला, "आवो."

धुक्यात जितके नवरे होते तितके म्हणाले, "काय वं?" आमचाही त्यात होता. तो वेगळा कसा कळणार?

"दादा, हे दिसून नाही राहिले."

"ओ तं देऊन राहिले ना. काहून घाबरतं वं?"

"ते कोनीबी देते, दादा. तू नाव घेऊन हाक मार."

"नाव घेतलं तं यात्रा फुकट जाईन."

मग वच्छलेने स्वतःच तोंड उघडलं, पण नाव निघेना. लग्न झाल्यापासून ते एकाच वाटेने बाहेर पडलं होतं. तिने त्याच वाटेने काढलं, रडत रडत, मोठ्याने:

"डोंगरावर धुकं दाटलं, दिसेना कोनाची काया,
मधुकरराव कुठं गेले, महादेवा कर मया."

"वा भगत," धुक्यातून कोणी म्हणालं. "अजून एक होऊ द्या."

आणि खालून, या वेळी एकट्यानेच, उत्तर गेलं, "मी इथं खाली हाव, वच्छला."

ती गवतात पालथी पडली. तिने मूठ धरली नाही, हात खाली घालून दांडा धरला. मित्रांनो, इतका समंजस हात मला पुन्हा लागला नाही. रुपरावांनी धोतर सोडून खाली टाकलं आणि चौघा भगतांनी मिळून आम्हा दोघांना वर ओढलं.

मधुकरराव पांढरेफटक पडले होते. पहिलं वाक्य बोलले, "तू माझं नाव घेतलं?"

"उखान्यात घेतलं."

सगळ्यांनी रुपरावांकडे पाहिलं. त्यांनी आधी धोतर पुन्हा नीट नेसलं. "उखान्यात चालते," ते म्हणाले.

घरी आल्यावर महिनाभर मी देवघराशेजारी होते. मला हळदकुंकू लागलं. मग माळ्यावर गेले. तिथे गंज चढला आणि उंदरांनी कापडाची चव घेतली. मित्रांनो, तुमच्या घरी जुनी छत्री असेल तर तिला ओली मिटून ठेवू नका. वर्षातून एकदा उघडून ऊन दाखवा. तिने काय काय धरून ठेवलं होतं, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

पुढच्या श्रावणात मधुकरराव पुन्हा नागद्वारला गेले. रेनकोट घालून.